सोबत कीं पहारा?

मराठी माणूस घरांतून निघतांना ‘जातों’ असें म्हणत नाहीं. ‘येतों’ असें म्हणतो. चुकून कोणी ‘जातों’ म्हटलें तर घरांतील वडील माणसें त्यास तेथल्या तेथें थांबवून शब्द बदलावयास लावतात. निरोप देणाराही ‘या’ असेंच म्हणतो. प्रसंग जाण्याचा आणि बोलणें येण्याचें, ही विसंगति आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे कीं तिच्यांतील अर्थाकडे आपलें लक्ष जात नाहीं. परंतु थोडा विचार केला तर असें दिसून येईल कीं, या एका शब्दांत आपल्या पूर्वजांनीं एक लहानसा करार बांधून ठेविला आहे. घराबाहेर पडणें ही अर्धीच क्रिया होय; परत उंबरठा ओलांडल्यावांचून ती पुरी होत नाहीं. आणि ही उरलेली अर्धी क्रिया तडीस नेण्याचा भार जाणाऱ्या एकट्यावर नसून ‘या’ म्हणणाऱ्यावरही आहे. दिवसाउजेडीं या कराराची आठवण कोणास होत नाहीं. रात्र पडली म्हणजे मात्र त्याची खरी किंमत कळूं लागते.

वऱ्हाडांतील अमरावती व अकोला या दोन शहरांपुरतें पाहिलें तरी मध्यम स्थितींतील कुटुंबांची रात्र गेल्या दोन पिढ्यांत किती बदलली आहे हें सहज ध्यानांत येतें. दिवेलागणीच्या आंत घरांत पाऊल पडलेंच पाहिजे, हा जो नियम पूर्वींच्या आज्यांनीं घालून दिला होता, तो आज पाळूं म्हटलें तरी पाळतां येणार नाहीं. शिकवणीचे वर्ग दिवे लागल्यानंतर सुटतात; रुग्णालयांतील परिचारिकेची पाळी रात्रीं बदलते; मुंबईहून येणारी गाडी कित्येकदां अकोल्यास किंवा बडनेऱ्यास अपरात्रीं उतरविते, आणि बडनेऱ्यास उतरलेल्या अमरावतीकरापुढें आणखी सुमारें दहा किलोमीटरांची वाट उरते. याशिवाय नवरात्रांत अंबादेवीचें दर्शन आहे, गणपतींतील देखावे आहेत, लग्नाच्या वराती आहेत, नाटक आहे, चित्रपट आहे. आणि मित्रमैत्रिणींचे वाढदिवसही आतां रात्रीं बाराच्या ठोक्याला साजरे होतात. अशा प्रत्येक प्रसंगीं घरोघर एकच संवाद ऐकूं येतो. ‘इतक्या रात्रीं जावयाची काय गरज?’ असें एक पक्ष म्हणतो; ‘सगळे जातात, मग मीच कां नको?’ असें दुसरा पक्ष विचारतो. पहिल्याचें म्हणणें, सुरक्षितपणा न जाण्यांत आहे. दुसऱ्याचें म्हणणें, जाणें हा आमचा हक्क आहे, आणि वाटेंत कोणी आगळीक केली तर दोष त्याचा, आमचा नव्हे. हा केवळ घरगुती कुरबुरीचा विषय नसून नीतिविचारांतील एक खरा प्रश्न आहे, असें आम्हांस वाटतें. रात्रीं बाहेर गेलेलें माणूस सुखरूप घरीं येणें, हें कर्तव्य कोणाचें?

पहिल्या पक्षाची बाजू प्रथम नीट ऐकून घेतली पाहिजे. कारण ती बहुधा हट्टांतून आलेली नसून काळजींतून आलेली असते. २००७ सालीं पुण्यांत रात्रपाळीस निघालेल्या एका तरुणीचा, कचेरीनेंच ठरवून दिलेल्या मोटारीच्या चालकानें व त्याच्या साथीदारानें अत्याचार करून प्राण घेतला. १६ डिसेंबर २०१२ च्या रात्रीं दिल्लींत चित्रपट पाहून मित्रासह घरीं निघालेली एक विद्यार्थिनी खाजगी बसमध्यें चढली, आणि पुढें जें घडलें त्यानें सारें राष्ट्र हादरलें. अशा वार्ता वाचल्यानंतर ज्या आईच्या पोटांत गोळा उठत नाहीं ती आई कसली? आईबापांच्या भीतीस जुनाट म्हणून हिणविणें हें आम्हांस मुळींच पसंत नाहीं.

परंतु भीति खरी असली म्हणजे तींतून निघणारा उपायही खरा असतोच असें नाहीं. वरील दोन उदाहरणांकडेच पुन्हां पाहावें. पुण्याची ती तरुणी कोठें भटकावयास गेली नव्हती. ती नोकरीवर निघाली होती. दिल्लीची विद्यार्थिनी एकटी नव्हती. सोबत मित्र होता. ‘रात्रीं हिंडूं नये’, ‘एकटें जाऊं नये’ हे दोन्ही नियम येथें निरुपयोगी ठरले. मग नियम आणखी आवळावयाचा म्हणजे नोकरी सोडावयाची, शिक्षण सोडावयाचें. न जाण्याच्या उपायाचा हाच मोठा दोष आहे, कीं त्यास स्वतःची अशी सीमाच नाहीं. आज रात्रीचा खेळ बंद होतो, उद्यां शिकवणी बंद होते, परवां परगांवचें महाविद्यालय बंद होतें, आणि शेवटीं सुरक्षितपणाच्या नांवाखालीं आयुष्यच बंद होऊन बसतें. शिवाय हा उपाय घरांतील निम्म्याच माणसांस लागू केला जातो. मुलीस विचारतात, ‘केव्हां येशील?’ मुलास विचारतात, ‘पैसे आहेत ना?’ वस्तुतः रस्त्यावरील अपघातांत प्राण गमावणाऱ्यांत पुरुषांचाच भरणा फार मोठा असतो. तरीही मुलगा मित्राच्या दुचाकीवर तिसरा बसून महामार्गावरील ढाब्याकडे निघाला तर त्यास अडविण्याचें कोणाच्या मनांत येत नाहीं. म्हणजे हा नियम संकटाच्या मापानें कापलेला नसून माणसाच्या मापानें कापलेला आहे, असें म्हणावें लागतें.

सुरक्षितपणा म्हणजे भिंत, ही समजूत अमरावतीस तरी नवी नाहीं. पेंढाऱ्यांच्या धाडींपासून तेथील सधन व्यापाऱ्यांचें रक्षण व्हावें म्हणून निजामाच्या सरकारानें १८०७ सालीं या शहराभोंवतीं दगडी परकोट बांधावयास घेतला. सुमारें सवादोन मैलांचा घेर, पांच दरवाजे आणि चार खिडक्या, असा तो कोट होता. जवाहर दरवाजा हें नांव अमरावतीकरांच्या तोंडीं आजही नित्य असतें. त्या काळीं त्या भिंतीची गरज होती, आणि तिच्या आश्रयानें बाजार वाढला, हें निर्विवाद आहे. पण भिंतीचें सामर्थ्य जितकें, तितकीच तिची मर्यादाही स्पष्ट आहे. भिंत बाहेरच्या दरोडेखोरास अडविते. ती आंतील माणसास सज्जन करीत नाहीं. याच कोटाच्या एका खिडकीस ‘खुनारी खिडकी’ असें नांव पडलें, तें तिच्याजवळ झालेल्या एका मोठ्या रक्तपातावरून. भिंत उभी होती, आणि तरीही रक्त सांडलें तें तिच्याच पायथ्याशीं. शिवाय प्रत्येक कोटास एक प्रश्न कायमचा चिकटलेला असतो: दरवाजे मिटल्यावर जो उशिरां येतो त्याचें काय? भिंतीच्या आंत असलेल्यांस ती अभय देते. परंतु जो अद्याप वाटेवर आहे, त्याच्यापुरतें तीच भिंत एक नवें संकट होऊन बसते.

या विचाराचें याहूनही मर्मभेदक चित्र अकोल्याच्या एका लोककथेंत आहे. अकोला ज्याच्या नांवावरून वसलें असें सांगतात त्या अकोलसिंग राजाची राणी रोज मध्यरात्रीं एकटीच घराबाहेर पडे. ती कोठें जाते याचा राजास संशय आला. एके रात्रीं नागवी तरवार घेऊन तो तिच्या मागोमाग गेला. राणी गेली ती राजराजेश्वराच्या देवळांत, पूजेसाठीं. पाठीमागें राजाची व त्याच्या हातांतील तरवारीची चाहूल तिला लागली, आणि आपल्यावर संशय घेतला गेला या दुःखानें तिनें देवाची करुणा भाकली. तेव्हां शिवलिंग दुभंगलें, राणी त्यांत शिरली, आणि तें पुन्हां मिटलें. तिच्या वस्त्राचा शेव तेवढा बाहेर राहिला, असें सांगतात. त्या लिंगावरील भेग भाविक आजही दाखवितात.

कथा खरी कीं खोटी हा येथें मुद्दा नाहीं. पिढ्यान् पिढ्या ती सांगितली गेली, हेंच पुरेसें आहे. तिच्यांतील योजना पाहण्यासारखी आहे. मध्यरात्र आहे, निर्जन वाट आहे, एकटी स्त्री आहे. आणि तरीही चोर, श्वापद किंवा भूतपिशाच्च यांपैकीं कोणीही या कथेंत येत नाहीं. वाटेनें राणीस कांहीं केलें नाहीं. रोज रात्रीं ती सुखरूप जात होती व सुखरूप येत होती. ती परत आली नाहीं ती त्याच रात्रीं, ज्या रात्रीं घरचें माणूस तिच्या मागें गेलें. राजा तिच्या पाठीवर होता, शस्त्रही त्याच्या हातांत होतें. रक्षणाचें सारें साहित्य तेथें हजर होतें. पण तें साहित्य तिच्यासाठीं नव्हतें, तिच्यावर रोखलेलें होतें. आमच्या मतें सोबत व पहारा यांतील भेद याहून स्पष्ट करून दाखविणें कठीण आहे. दोघेही मागें चालतात, दोघेही जागतात, दोघेही ‘कोठें गेली होतीस?’ असें विचारतात. परंतु सोबत करणाऱ्याची नजर वाटेवर असते. पहारा करणाऱ्याची नजर वाटसरावर असते. सोबतीला भीति असते ती ‘हिला कांहीं होईल’ याची. पहाऱ्याला भीति असते ती ‘ही कांहीं करील’ याची. एकच कृति पहिल्या हेतूनें प्रेम होते, आणि दुसऱ्या हेतूनें अपमान होते.

आतां कोणी म्हणेल, हेतूचा हा सूक्ष्म भेद बोलावयास ठीक आहे, पण व्यवहारांत त्याचें काय? व्यवहारांत त्याचे परिणाम अगदीं ढोबळ आहेत. रात्रीं दीड वाजतां एखाद्या मुलीस समजतें, कीं ज्या मित्राच्या मोटारींतून परत जावयाचें तो प्यालेला आहे. तिच्यापुढें दोन मार्ग असतात: त्याच मोटारींत बसावें, किंवा घरीं दूरध्वनि करून वडिलांस बोलवावें. ज्या घरांत सोबत आहे त्या घरची मुलगी दुसरा मार्ग धरते. ज्या घरांत पहारा आहे त्या घरची मुलगी मनाशीं म्हणते, ‘बाबांना कळलें तर पुढचें सारें बंद होईल’; आणि ती मोटारींत बसते. मुलाचेंही तसेंच. स्वतः प्यालेला मुलगा गाडी तेथेंच ठेवून घरीं कळवावयास धजत नाहीं, तो रस्त्याच्या भीतीनें नव्हे, घराच्या भीतीनें. संकटकाळीं मूल ज्या क्रमांकाकडे पहिल्यानें धांव घेईल तो क्रमांक आपला असावा कीं नसावा, हें आईबापांनीं कितीतरी आधीं, साध्यासुध्या दिवशीं, आपल्या बोलण्यानें ठरवून टाकलेलें असतें.

पहाऱ्याचा दोष सांगितला. पण सोबतीच्या नांवानेंही मोठी फसवणूक होऊं शकते. याचें उदाहरण आपल्या विदर्भाच्याच राजकन्येचें आहे. द्यूतांत राज्य हरलेला नल दमयंतीसह वनांत हिंडत असतां वारंवार तिला विदर्भाची वाट दाखवीत असे. ही वाट अशी जाते, या वाटेनें तुझें माहेर लागतें, असें तो सांगे. पुढें एका रात्रीं ती झोपली असतां तिचें अर्धें वस्त्र कापून घेऊन तो निघून गेला. जातांना त्याचें मन मागें ओढत होतें, तो फिरून फिरून परत येत होता, हें महाभारतकार आवर्जून सांगतात; आणि ही आपल्या माणसांत जाऊन सुखी होईल अशी समजूतही त्यानें करून घेतली होती. त्याच्या प्रेमाविषयीं शंका नाहीं. परंतु वाट दाखविणें म्हणजे पोंचविणें नव्हे. त्या वाटेवर पुढें दमयंतीस अजगरानें धरलें; ज्या व्याधानें सोडविलें त्याचीच वासना चळली; ज्या व्यापाऱ्यांच्या तांड्याचा आश्रय केला तो रानहत्तींनीं मध्यरात्रीं तुडविला. अखेर तिला थारा दिला तो चेदिराजाच्या मातेनें. मळक्या, अर्ध्या वस्त्रांतील त्या अनोळखी स्त्रीस तिनें वाड्यांत बोलावून घेतलें, तिच्या अटी मान्य केल्या, आणि पुढें ओळख पटल्यावर पालखी व रक्षक देऊन तिला विदर्भास पोंचतें केलें. ज्यानें पोंचवावयाचें त्यानें वाट दाखविली, आणि जिचा कांहीं संबंध नव्हता असें त्या वेळीं वाटत होतें तिनें पोंचविलें. ‘गल्लीच्या तोंडाशीं सोडतों, पुढें तूं जाशीलच ना?’ असें म्हणणारे आपण सारे थोडेफार नलाच्याच जातीचे आहों.

येथवर पहिल्या पक्षाचा विचार झाला. दुसऱ्या पक्षाचें म्हणणें असें, कीं अपराध करणाऱ्यास कांहीं न बोलतां ज्याच्यावर अपराध होतो त्यालाच सावधगिरीचे पाठ देणें हा अन्याय आहे. यांत मोठें तथ्य आहे. इंग्लंडांतील लीड्स शहरीं एका खुन्याच्या दहशतीमुळें स्त्रियांनीं रात्रीं बाहेर पडूं नये असा सल्ला दिला गेला, तेव्हां १९७७ च्या नोव्हेंबरांत तेथील स्त्रिया रात्रींच समुदायानें रस्त्यावर उतरल्या. खून करतो पुरुष, मग कोंडून घ्यावयाचें स्त्रियांनीं कां, असा त्यांचा प्रश्न होता, आणि त्याला सयुक्तिक उत्तर अजून कोणी दिलेलें नाहीं. तो खुनी १९८१ च्या जानेवारींत सांपडला, तो स्त्रिया घरीं बसल्या म्हणून नव्हे, तर रात्रीच्या गस्तींतील पोलिसांस त्याच्या मोटारीवरील क्रमांक खोटा आढळला म्हणून.

तथापि या पक्षांतील कांहीं मंडळी आणखी एक पाऊल पुढें जाऊन सावधगिरीचा शब्द उच्चारणें हाच अपमान मानतात, तें आम्हांस पटत नाहीं. दाराला कुलूप लावणारा मनुष्य चोराचा हक्क कबूल करीत नसतो. आणि कुलूप लावावयास विसरलेल्याच्या घरीं चोरी झाली तर चोराची शिक्षा रतिभरही कमी होत नाहीं. सावधगिरी व दोष या दोन गोष्टी निरनिराळ्या काळांतल्या आहेत, हें ध्यानांत ठेविलें म्हणजे पुष्कळसा घोटाळा मिटतो. प्रसंगापूर्वीं दिलेला सल्ला ही माया होय. तोच सल्ला प्रसंगानंतर ‘तरी आम्ही सांगत होतों’ या रूपानें दिला, तर तें क्रौर्य होय. शब्द तेच असतात, वेळ बदलली कीं त्यांची जात बदलते. ज्याच्यावर आघात झाला तो घरीं आला तर त्या रात्रीं पाणी, अंथरूण, वैद्य आणि पोलिस यांखेरीज दुसरें कांहीं बोलावयाचें नसतें.

मग कर्तव्य कोणाचें, या मूळ प्रश्नाकडे वळूं. आमच्या कायद्यानें याचें उत्तर कसें बदलत नेलें हें पाहण्यासारखें आहे. १९४८ च्या कारखान्यांच्या कायद्यानें स्त्रियांस सामान्यतः सायंकाळीं सातपासून सकाळीं सहापर्यंत कारखान्यांत कामावर घेण्यास मनाई केली होती. हेतु दयेचा होता. पण उपाय न जाण्याचाच होता. २०१७ सालच्या महाराष्ट्र दुकानें व आस्थापना कायद्यानें निराळी वाट धरली. स्त्रीची संमति असेल तर रात्रीं साडेनऊनंतरही तिला काम देतां येतें. मात्र तिच्या प्रतिष्ठेचें व सुरक्षिततेचें रक्षण करणें, आणि तिला कामाच्या ठिकाणापासून राहत्या घराच्या दारापर्यंत पोंचविण्यास वाहन देणें, ही जबाबदारी मालकावर टाकली आहे. कायद्याच्या रुक्ष भाषेंत ‘घराच्या दारापर्यंत’ हे शब्द यावे याचें आम्हांस मोठें समाधान वाटतें. ज्याच्या कामासाठीं, ज्याच्या फायद्यासाठीं किंवा ज्याच्या आनंदासाठीं माणूस रात्रीं थांबलें, त्यानें त्याला दारापर्यंत पोंचवावें, हें तत्त्व त्यांत मान्य झालें आहे. थोडके नोकर असलेल्या लहान दुकानांस हें कायद्याचें बंधन लागू नाहीं. पण धर्माचें बंधन नोकर मोजून लागू होत नसतें. दिवाळीच्या गर्दींत रात्रीं दहापर्यंत कापड दाखवीत उभ्या राहिलेल्या मुलीस अकोल्याचा दुकानदार घरीं पोंचवितो कीं नाहीं, हा प्रश्न निरीक्षकाचा नसून त्याच्या स्वतःच्या मनाचा आहे. आणि पुण्याच्या त्या दुर्दैवी प्रसंगानें हेंही शिकविलें आहे, कीं नुसतें वाहन दिल्यानें सोबत दिल्यासारखें होत नाहीं. चालक कोण, मार्ग कोणता आणि पोंचल्याची खातरजमा कोण करतो, हें पाहणारें कोणी तरी जागें असावें लागतें.

आमच्या जुन्या समाजास ही गोष्ट कायद्यावांचून ठाऊक होती. श्रावणांतील शेवटच्या सोमवारीं अकोल्याच्या राजराजेश्वरास पूर्णा नदीच्या पाण्याचा अभिषेक होतो. त्यासाठीं शेंकडों तरुण आदल्या रात्रीं सुमारें अठरा किलोमीटरांवरील गांधीग्रामास जाऊन कावडी भरतात, आणि रात्रभर चालून सकाळीं शहरांत येतात. १९४४ सालच्या अवर्षणापासून ही प्रथा पडली असें सांगतात. ज्या देवाच्या दारीं एकट्या राणीची ती करुण कथा घडली, त्याच देवाच्या दारीं दरवर्षी एक अख्खी रात्र समुदायानें चालून पार पाडली जाते, हा योग मोठा अर्थपूर्ण आहे. कावडीच्या वाटेवर अंधार तितकाच असतो, चिखल तितकाच असतो. पण खांदा बदलावयास दुसरा तयार असतो, मागें राहिलेल्यासाठीं थांबणारा कोणी असतो, आणि वाटेवरचीं गांवें जागीं असतात. रात्र सुरक्षित होते ती उजेडापेक्षां जागरणानें. झाडीपट्टींतील नाटकें रात्रीं सुरू होऊन पहांटे संपतात, यांतही हेंच शहाणपण आहे. प्रेक्षकास ऐन मध्यरात्रीं रस्त्यावर सोडण्यापेक्षां उजाडेपर्यंत त्यास आपल्यापाशीं ठेवून घेणें बरें, असें तो प्रघात सांगतो.

आणि ज्यास परतावयास घरच नाहीं त्याचें काय? अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांवीं १८७६ सालीं जन्मलेल्या गाडगेबाबांनीं या प्रश्नाचें उत्तर आयुष्यभर दगडविटांनीं दिलें. दिवसा गांव झाडावें, रात्रीं कीर्तन करावें, आणि लोकांनीं दिलेल्या पैशांतून धर्मशाळा बांधाव्या, हा त्यांचा क्रम होता. पंढरपूर, नाशिक, आळंदी, मुंबई या ठिकाणच्या त्यांच्या धर्मशाळा म्हणजे अनोळखी वाटसराच्या रात्रीची घेतलेली हमीच होय. स्वतःच्या डोक्यावर छप्पर न ठेवणाऱ्या या पुरुषाचा देह २० डिसेंबर १९५६ रोजीं पडला, तो रात्रीं, वलगांवाजवळ, अमरावतीच्या वाटेवरच.

आतां रस्त्याविषयीं दोन शब्द. २०२२ च्या जूनमध्यें अमरावती व अकोला यांच्या दरम्यान राष्ट्रीय महामार्गावर ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकून जागतिक विक्रम करण्यांत आला. सातशेंवर माणसें त्यासाठीं अहोरात्र खपत होतीं. वऱ्हाडास ही गोष्ट भूषणावह आहे. परंतु गुळगुळीत रस्ता हा निष्पक्षपाती असतो. तो घरीं लवकर पोंचवितो, तसाच मृत्यूच्या दारींही लवकर पोंचवितो. रक्ताच्या १०० मिलीलिटरांत ३० मिलिग्रॅमांहून अधिक मद्यार्क असतां वाहन चालविणें हा अपराध आहे, आणि पहिल्याच वेळीं सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड होऊं शकतो, हें तरुणांस माहीत नसतें असें नाहीं. पण त्या क्षणीं कायदा दूर असतो आणि मित्र जवळ असतात. म्हणून गाडीची किल्ली काढून घेणारा मित्र, त्या रात्रीं कितीही शिव्या खावो, हाच खरा मित्र होय. तसेंच रस्त्यावर कोणी पडलेला दिसला तर ‘पोलिसांचें लचांड नको’ म्हणून पुढें जाण्यास आतां निमित्त उरलेलें नाहीं. २०१९ सालच्या दुरुस्तीनें मोटार वाहन कायद्यांत, अपघातग्रस्तास सद्भावनेनें मदत करणाऱ्यास दिवाणी व फौजदारी जबाबदारींतून संरक्षण दिलें आहे.

या सर्व विवेचनांतून व्यवहारास कांहीं धडा निघावा अशी वाचकांची अपेक्षा असेल, ती रास्त आहे. निघण्यापूर्वीं परतीचा बेत ठरलेला असावा. कोणत्या वाहनानें, कोणाबरोबर, साधारण किती वाजतां, हें घरांतील एका तरी माणसास ठाऊक असावें. आणि तें सांगणें मुलास व मुलीस सारखेंच लागू असावें. जितके गेले तितके परत निघाले कीं नाहीं, हें मोजल्याशिवाय मंडळीनें जागा सोडूं नये. मागें राहिलेल्या एकाची गोष्टच पुष्कळदां दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत येते. रिक्षांत बसण्यापूर्वीं तिचा क्रमांक कोणास तरी कळवावा. खिशांत थोडे पैसे निराळे ठेवावे, आणि दूरध्वनियंत्र परत येईपर्यंत चालेल इतकें भरलेलें असावें. संकटांत ११२ हा एकच क्रमांक साऱ्या देशांत चालतो, हें घरांतील लहानांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सर्वांस पाठ असावें. पोंचविणाऱ्यानें गल्लीच्या तोंडाशीं न थांबतां दार उघडून आंत दिवा लागेपर्यंत थांबावें. यजमानानें समारंभ संपला म्हणजे आपलें कर्तव्य संपलें असें न समजतां, शेवटच्या पाहुण्याचा ‘पोंचलों’ हा निरोप आल्यावरच अंथरुणाला पाठ टेकावी. पूर्वीं परगांवीं गेलेलें माणूस खुशालीचें पत्र टाकीत असे. आज तें काम एका क्षणाचें झालें असतां त्याचा आळस करणें हें केवळ बेपर्वाईचें लक्षण होय.

आणि घरीं जागत बसलेल्यांसाठीं एकच गोष्ट सांगावीशी वाटते. उशिरां आलेल्यास दार उघडतांना प्रश्न विचारूं नये. प्रश्न अवश्य विचारावे, रागवावेंही. पण तें सकाळीं, चहा झाल्यावर. रात्रीं दोन वाजतां दारांत उभें असलेलें मूल कसेंही आलेलें असो, तें आलें आहे, ही एकच वस्तुस्थिति त्या वेळीं महत्त्वाची असते. ज्या घराचें दार रात्रीं मुकाट्यानें उघडतें, त्या घरीं मुलें सकाळीं आपण होऊन खरें बोलतात, असा अनुभव आहे.

राहतां राहिला शहराचा प्रश्न. ज्यांना दारांत वाट पाहणारें कोणी नाहीं, वसतिगृहांतील विद्यार्थी, रात्रपाळीचे कामगार, गाडी चुकलेले प्रवासी, त्यांचें घर म्हणजे सारें शहरच होय. नगरपालांनीं खांबावरचा दिवा चालू ठेवणें, शेवटची बस वेळेवर सोडणें, स्थानकाबाहेर गस्त ठेवणें, या बाबी अंदाजपत्रकांत किरकोळ दिसतात. पण अपरात्रीं बडनेऱ्यास उतरलेल्या परक्या मुलीस शहराची ओळख होते ती त्यांवरूनच. जवाहर दरवाजा आतां रात्रीं मिटत नाहीं. त्यांतून उशिरां येणाऱ्याकडे आपण कोणत्या नजरेनें पाहतों, वाटसराच्या रक्षणासाठीं जागतों कीं त्याच्या चौकशीसाठीं, एवढेंच आपल्या हातीं राहिलें आहे. आणि शहर सुरक्षित आहे कीं नाहीं, हें बहुतांशीं त्यावरच ठरणार आहे.